'नंतर दे' म्हणणारी माणसं

कोंडापूर, हैदराबाद
९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

आधीच सांगते, हे पत्र हर्षदादाला वाचायला देऊ नकोस. फोनच केला असता, पण तुझा मुलगा फोन स्पीकरवर टाकतो आणि अख्खी गल्ली ऐकते. मागच्या वेळी मी तुला माझं वजन सांगितलं, तर तुझ्या शेजारच्या काकूंनी मागून ओरडून मला भात बंद करायला सांगितला. म्हणून कागद. अक्षर लावून घे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या भाचीला तूच मराठी लिहायला शिकवलंस, आता भोग.

तर गुपित. मी क्रेडिट कार्ड घेतलंय.

ओरडू नकोस, ऐक. ऑफिसात डबा खाताना मी रोज हाच अभ्यास केला. एका कार्डावर विमानतळावर फुकट जेवण होतं, पण वर्षाची फी दहा हजार. मी विमानतळावर जाते तेच मुळी दुसऱ्यांना सोडायला. ते बाद. दुसऱ्यावर पेट्रोलची सूट, आणि माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. तिसरं मात्र माझ्यासारखं साधं निघालं. किराणा, मेट्रो, फोनचं बिल, कपडे, मी जे असंही घेतेच त्या सगळ्यावर शंभराला दोन रुपयांचे पॉइंट. पहिल्या वर्षी फी नाही. आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांत दीड लाख खर्च केले तर वर बक्षिसाचे पॉइंट.

आता तू म्हणशील, दर्शू, तुझा पगार अठ्ठेचाळीस हजार, दीड लाख आणणार कुठून? आत्या, रितेशचं लग्न आहे ना! नामदेवकाकांना लेकाच्या लग्नाचा बस्ता बांधायचाच आहे. परवा त्यांच्या अफझलगंजच्या दुकानात गेले, ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हटलं, "काका, बस्त्याचे पैसे कापडाच्या दुकानात माझ्या कार्डानं भरू. तुम्ही मला नंतर द्या." काकांनी सुतळीचं बंडल खाली ठेवलं, माझ्याकडे जरा बघत राहिले, मग म्हणाले, "हौ बेटा. देऊ की."

पैसे काकांचे, पॉइंट माझे. आणि त्या पॉइंटांतून तुझं नांदेड ते हैदराबाद विमानाचं तिकीट. तू एकदाही विमानात बसली नाहीस, हे मला कधीपासून खुपतंय.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांना कार्ड म्हटलं की घाम फुटतो.

तुझी
दर्शू

०

नांदेड
१५ जानेवारी

चि. प्रियदर्शिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोबत तिळगूळ पाठवते आहे. तो खा आणि गोड बोल, निदान मला तरी.

हर्षाला पत्र दिलं नाही. उशीखाली ठेवलं, तर त्यानं विचारलं, "आई, कोणाचं प्रेमपत्र?" मी म्हटलं, बँकेचं. फार खोटं नाही बोलले.

कार्ड निवडलंस ते डोकं लावून निवडलंस, यात शंका नाही. लोक आधी कार्ड घेतात आणि मग त्याला शोभेल असा खर्च शोधत हिंडतात. तू आपला खर्च आधी पाहिलास. माझ्या वर्गात असतीस तर या उत्तराला पैकीच्या पैकी दिले असते. पण गणित अर्धंच सोडवलंयस. कार्डाचं बिल कोणत्या तारखेला निघतं? भरायची शेवटची तारीख कोणती? ती तारीख आली की तुझ्या खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप जाईल अशी सोय केलीस का? पूर्ण म्हणतेय मी, थोडी नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, नामू पैसे कधी देणार? "देऊ की" ही तारीख नव्हे.

हैदराबादला असताना बरकतपुऱ्याच्या शाळेत मी जन्मभर फळ्यावर व्याज शिकवलं. मुलांना ते कठीण जायचं, कारण व्याज वाढतं तेव्हा त्याचा आवाज होत नाही. दूध उतू गेलं तर निदान वास तरी येतो.

विमानाचं म्हणशील तर माझं काही अडलेलं नाही. तिथे चहासुद्धा विकत घ्यावा लागतो म्हणे. खिडकीजवळची जागा मागून मिळते का गं?

एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहेच. अजून काठी सुटली नाही, तेव्हा लग्नाला येणं जमणार नाही. सगळं बारीकसारीक लिहून कळव. शालूचा रंगही.

तुझी
भामाआत्या

०

कोंडापूर
१० फेब्रुवारी

आत्या गं आत्या,

काय लग्न झालं! नल्लकुंट्याच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शालू मोरपंखी, काठ डाळिंबी. नवरी चारुलता त्यात इतकी गोड दिसत होती की अंतरपाट दूर झाल्यावर रितेश हार घालायचं सोडून तिच्याकडेच बघत होता. जेवणात पुरणपोळी आणि शेजारी बगारा खाना, आपला हैदराबादी फोडणीचा भात. नांदेडकडून आलेले आपले पाहुणे बगाऱ्याला पुलाव म्हणत होते आणि इथले आचारी मनातल्या मनात रडत होते.

बस्ता मात्र जरा फुगला. दुकानात रंजनाकाकू म्हणाल्या, मानाच्या साड्या कमी पडताहेत. मग आजोळची माणसं आठवली, मग शेजारचे. एक लाख बहात्तर हजार. पण बक्षिसाचे पॉइंट पक्के!

आणि ऐक ना, सगळ्यात मोठी गंमत. जेवणाआधी काकांनी माईक घेतला. तुला माहीत आहे, काका माईकपासून दहा हात लांब राहणारा माणूस. ते म्हणाले, "ह्या घरचा बस्ता यंदा आमच्या पोरीनं बांधला. मधूच्या प्रियदर्शिनीनं." आणि त्यांचा आवाजच फुटला. टाळ्या! मी लाजून पाण्याच्या पिंपामागे. मी कार्ड चालवून दिलं, दुकानात दिवसभर उभी राहिले, त्याचं केवढं कौतुक केलं बघ. बाबा माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. त्यांचे डोळे भरून आले होते.

बिल निघालंय. भरायची तारीख २५. काका अजून पाहुण्यांत अडकलेत, देतील आठवड्यात.

तुझी
दर्शू

०

नांदेड
१५ फेब्रुवारी

दर्शू,

आशीर्वाद वगैरे पत्राच्या शेवटी. आधी खुर्चीवर बस.

अगं वेडे, ते कौतुक नव्हतं. नामूनं भर मांडवात तुझा आहेर जाहीर केला. ते पैसे त्याला परत द्यायचे आहेत, हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

तुला ठाऊक नसेल, पण आपल्या घरात कोणी कोणाला पैसे उघड देत नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून देणारा म्हणतो, "आत्ता मी देतो, तू नंतर दे." घेणारा म्हणतो, "हौ, देऊ की." आणि दोघंही पुन्हा तो विषय काढत नाहीत. नामूनं दुकान टाकलं तेव्हा तुझ्या बाबांनी फंडातून पैसे काढून दिले, याच शब्दांत. पुढे तुझ्या बाबांच्या ऑपरेशनला नामू दवाखान्यात पिशवी घेऊन उभा राहिला, याच शब्दांत. मी नांदेडला घर बांधताना दोघंही आले. एकानं सिमेंट पाठवलं, एकानं दारं. नंतर द्या म्हणाले. ती दारं आता हर्षाच्या पोरांनी रेघोट्या मारून भरवलीत.

तू तेच शब्द बोललीस, त्याच घरात, त्याच माणसाला. तो तुझ्याकडे बघत राहिला म्हणालीस ना? त्याला वाटलं, मधूची पोर मोठी झाली. म्हणून त्याचा आवाज फुटला, आणि म्हणून तुझ्या बाबांचे डोळे भरले.

मला हसू येतंय आणि धास्तीही वाटतेय. ही रीत चांगली आहे, मला तिचा अभिमान आहे, पण तुझ्या कार्डवाल्यांना ती कोण सांगणार? त्यांचं 'नंतर' पंचवीस तारखेला संपतं. आजच नामूकडे जा आणि सरळ सांग, काका, माझी चूक झाली, मी उसने म्हणाले होते. तो रागावणार नाही. थोडा वेळ तुझ्याकडे बघणार नाही, इतकंच.

बाकी तुला आशीर्वाद, आणि अक्कल.

आत्या

०

कोंडापूर
२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

काळजी नको. सगळं ठीक आहे. बिल भरलं.

ऑफिसात फार काम आहे म्हणून थोडक्यात. गुडघा सांभाळ. इकडे ऊन आत्ताच कडक झालंय.

तुझी
दर्शू

०

नांदेड
५ मार्च

चि. दर्शूस,

तू मला चार ओळींचं पत्र लिहिलंस. कार्ड घेतल्याचं सांगताना दोन पानं लिहिली होतीस. शिवाय उन्हाची बातमी. माझ्या वर्गात ज्या पोराचा गृहपाठ झालेला नसायचा ते माझ्याशी असंच हवापाण्याचं बोलायचं.

बिल भरलं म्हणजे किती भरलं? बिलावर दोन आकडे असतात, एक मोठा आणि एक छोटा. छोट्यासमोर 'किमान' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि माणूस घाबरलेला असला की त्याला तेवढाच दिसतो. तो भरला की दंड लागत नाही, फोन येत नाहीत, आणि आपण बिल भरलं असं वाटतं. माझा अंदाज, तू साडेआठ हजारांच्या आसपास भरलेस आणि बाकीचे एक लाख त्रेसष्ट हजार तिथेच बसलेत. त्याला महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. सावकारसुद्धा एवढं मागताना जरा लाजला असता. तेही शेवटच्या तारखेपासून नव्हे, खरेदी केलीस त्या दिवसापासून. वर त्यावर कर. आणि हे पूर्ण फिटेपर्यंत त्या कार्डावर घेतलेल्या कोथिंबिरीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. तेव्हा ते कार्ड आधी कपाटात टाक.

तू नामूकडे गेली नाहीस हे मला समजलंय. का गेली नाहीस तेही समजतं. मांडवात टाळ्या पडल्यावर तोंड उघडणं सोपं नसतं, आणि बाबांचा हात डोक्यावर असताना तर नाहीच.

सोबत एक लाख पासष्ट हजारांचा चेक आहे. आत्ता मी देते, तू नंतर दे.

आत्या

०

कोंडापूर
१६ मार्च

प्रिय आत्या,

तुझा चेक परत पाठवते आहे. रागावण्याआधी पुढचं वाच.

तुझा अंदाज शंभर टक्के बरोबर होता. आठ हजार सहाशे भरले, आणि तुला खोटं लिहिलं. नंतर नवीन बिल आलं, त्यातला व्याजाचा आकडा बघून मी जेवण तसंच टाकून उठले. इतक्यात तुझं पत्र आलं, चेकसकट. खरं सांगते, मी पलंगावर बसून रडले, आणि मग दुसऱ्या दिवशी तो बँकेत टाकायचं ठरवलं. आपल्या घरची रीत आहे ना, म्हटलं.

पोचलं सांगायला संध्याकाळी फोन लावला. तू झोपली होतीस. हर्षदादानं उचलला, अर्थात स्पीकरवर. म्हणाला, "आईला काय झालंय काय की. एप्रिलमधलं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं. म्हणते एवढी घाई नाही. रात्री जिना चढताना रडवेली होते." मागून शेजारच्या काकू म्हणाल्या, "पैसे तर तयार ठेवले होते की!"

आत्या, तू मला तुझा गुडघा पाठवलास. आणि वर 'नंतर दे' म्हणालीस. मी खरंच कधी दिले नसते तरी तू विचारलं नसतंस. तू काठीवरच राहिली असतीस.

मग मात्र मला भीती वाटेना. शनिवारी अफझलगंजला गेले. काका नेहमीसारखे गल्ल्यावर, समोर दोरखंडांचे ढीग. मी उभ्याउभ्या सांगितलं, "काका, माझी चूक झाली. बस्त्याचे पैसे मी आहेर म्हणून दिले नव्हते. माझ्याकडे एवढे पैसेच नाहीत. मी उसनेच म्हणाले होते."

गिऱ्हाईक सुतळी मागत होतं, त्याला काका हातानंच थांब म्हणाले.

"म्हंजे तू खरंच मागाहून घेणार होतीस?"

"हौ काका."

"मग त्या दिवशी तारीख का नाही सांगितली बेटा? कोणी तारीख सांगितली की मला समजतं, उसने आहेत. तू तर नुसतं नंतर म्हणालीस. मला वाटलं, दादाची पोर दादासारखीच देते." मग गल्ल्याकडे बघत म्हणाले, "मी तर साऱ्या बिरादरीला सांगून बसलो गं."

त्यांना पैशाचं काहीच नव्हतं. त्यांच्या हातातून दुसरंच काहीतरी निसटत होतं, आणि ते मलाही बघवेना. माझ्या बचत खात्यात चाळीस हजार आहेत. मी म्हटलं, "काका, शालू माझा. अठ्ठावीस हजारांचा. तो माझा आहेर, खराखुरा, माझ्या पगारातला. माईकवर तुम्ही सांगितलं ते तेवढं खरं राहू दे. बाकीचे एक लाख चव्वेचाळीस तुमचे. आणि तारीख आजची."

काका हसायलाच लागले. डोळे पुसत हसत होते. गिऱ्हाईकाला म्हणाले, "बघा, वकिलाला लाजवेल अशी पोर आहे." तिथल्या तिथे फोन काढून पैसे पाठवले. व्याजही देतो म्हणाले. मी नक्को म्हटलं. व्याज बस्त्याचं नव्हतं, मी तोंड मिटून बसले त्याचं होतं. ते माझ्याच खात्यातून गेलं पाहिजे.

मग चहा मागवला आणि हळूच विचारलं, "ते पॉइंटचं काय असतं गं? मलाही दुकानासाठी एक घ्यावं म्हणतो." मी त्यांना तुझं पंधरा जानेवारीचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. "देऊ की ही तारीख नव्हे" या वाक्याला काका म्हणाले, "ताई शाळेतपण अशीच बोलायची काय?"

घरी जाऊन बाबांनाही सांगितलं. घाम फुटला त्यांना, पण मग म्हणाले, "शालू तर तू दिलास ना?" मी हो म्हटलं. पुन्हा डोक्यावर हात.

आज कार्डावर शून्य आहे. पूर्ण रक्कम आपोआप जायची सोय केली, जी तू पहिल्याच पत्रात सांगितली होतीस. आता कार्डावर फक्त मेट्रो, किराणा आणि फोन, म्हणजे ज्याचे पैसे खात्यात आधीच आहेत तेवढंच.

हिशेब असा झाला. पॉइंट मिळाले पाच हजारांचे, व्याज आणि कर गेला तेरा हजारांच्या घरात. जगातलं सगळ्यात महाग फुकटचं तिकीट मी तुझ्यासाठी काढलंय. सोबत छापून पाठवते. नांदेड ते हैदराबाद, राखीच्या आदल्या दिवशी. जागा खिडकीची, ती वेगळी मागून घेतली. पण अट आहे. एप्रिलमधलं ऑपरेशन एप्रिलमध्येच. हर्षदादाला सांगून डॉक्टरांची तारीख पुन्हा घ्यायला लावलीय. हो, तारीख.

तुझी
दर्शू

०

नांदेड
३० मार्च, पाडवा

चि. प्रियदर्शिनीस अनेक आशीर्वाद.

गुढी उभारली. मी खाली खुर्चीवर बसून सूचना दिल्या, हर्षानं साडी उलटी नेसवली. ऑपरेशन बावीस एप्रिलला. तुझ्यामुळे.

चेक परत आला तेव्हा आधी मला राग आला, अगदी खरा. वाटलं, ही कालची पोर, माझे पैसे परत करते? आपल्या घरात असं कोणी केलेलं नाही. मग पत्र पुन्हा वाचलं. हर्षाला वाचून दाखवलं, शेजारच्या काकूंनाही. तू नको म्हणाली होतीस, पण आता लपवण्यासारखं काय राहिलंय? काकूंनी भाताबद्दल माफी मागितली आहे.

काल नामूचा फोन आला होता. तासभर बोलला. त्यातला पाऊण तास तुझ्याबद्दल आणि उरलेला कार्डाबद्दल. त्याला बिलाची तारीख, भरायची तारीख, दोन्ही पाठ झाल्यात. म्हणाला, "ताई, चाळीस वर्षं आपण एकमेकांना द्यायचं ते असं झाकून देत आलो, पोरीनं एका शनिवारी उघडं करून ठेवलं." मी विचारलं, "वाईट वाटलं का रे?" तर म्हणाला, "नाही गं. शालू दिला ना तिनं. सुनेला सांगितलंय मी, जपून नेस, आमच्या पोरीच्या पगारातला आहे."

तुझी आई विमल फोनवर सांगत होती, मधू हल्ली जेवताना मधेच हसतो.

तिकीट पोचलं. देवाजवळ ठेवलंय, हळदकुंकू वाहिलं. हर्षा म्हणतो, आई, ते नुसतं छापलेलं आहे, फोनवरचं चालतं. चालू दे. रोज सकाळी उघडून खिडकीच्या जागेचा नंबर वाचते. इतकी वर्षं मुलांना व्याज शिकवलं, पण माझ्यासाठी कोणी असं काही साठवलं नव्हतं, दर्शू. ते वाचताना डोळ्यांत पाणी येतं ते आवरत नाही, आणि मी आवरतही नाही.

तिकिटाचे पैसे मी तुला नंतर देते.

आणि या वेळी तारीख विचारू नकोस.

तुझी
भामाआत्या